तक्रारीची मुदत

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला वेळेची किंमत शिकवावी लागत नाही. आगोट जवळ आली की होड्या वर ओढून घ्यायच्या, हे रापणकराच्या लहान पोरालाही ठाऊक असते. आज नको, उद्या बघू, असे म्हणत बसले तर समुद्र थांबत नाही. मिरगाआधी घर शाकारायचे, वेळेत तरवा काढायचा, हे सारे आपण बरोबर करतो. मात्र कामावर अन्याय झाला, तर त्याची तक्रारही ठराविक दिवसांतच करायची असते, हे पुष्कळांना माहीत नसते. आम्हांलाही नीट माहीत नव्हते. तीस-पस्तीस वर्षे शाळेत मुलांना अर्ज लिहायला शिकवले, पण असा अर्ज लिहायची पाळी आम्हांवर आली नव्हती. ती २०२३ साली आली.

जून महिन्याची ३ तारीख होती. शनिवार. संध्याकाळी एक बाई पडवीत येऊन उभी राहिली. जवळच्या गावातली. आमची जुनी विद्यार्थिनी. तिचे नाव येथे घालत नाही, आणि तिची ओळख पटेल अशा काही खुणा आम्ही मुद्दाम बदलल्या आहेत. गाव लहान आहे, हे एक कारण. दुसरे असे की, अशा तक्रारीतल्या बाईचे नाव-गाव उघड करण्यास कायद्यानेच बंदी आहे.

ती म्हणाली, “मास्तरानू, माका कामावरसून काढल्यानी.”

ती काजूच्या एका लहान कारखान्यात काम करीत असे. तेथे मालक सोडून सात बाया आणि एक पुरुष. उकडलेली बी फोडायची, गर सोलायचा, प्रतवारी लावायची. मजुरी किलोवर. टरफलाच्या तेलाने बोटे कशी भाजतात ते ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको. कामावर देखरेख मालकाच्या मेहुण्याची. तो तिच्याशी नको ते बोलू लागला. ती गप्प राहिली. मग शिमग्यात एके दिवशी, इतर बाया जेवायला गेल्या असता, त्याने तिचा हात धरला. तिने हात झटकला आणि “मालकाक सांगतंय,” म्हणून बजावले.

त्या दिवसापासून तिच्या वाट्याला बारीक आणि खराब बी येऊ लागली. दिवसभर बसून किलो भरेना. मजुरी निम्म्यावर आली. एप्रिलच्या १७ तारखेला मेहुण्याने सांगितले, उद्यापासून येऊ नको. मालकाने बायकोच्या भावाची बाजू घेतली.

आम्ही विचारले, “इतके दिवस गप कित्याक रवलंस?”

“काजूचो हंगाम होतो, मास्तरानू. काम सोडून खाऊचा काय? आणि घरात सांगूक लाज वाटली.”

वाचकहो, या उत्तरात वावगे काय आहे? शंभरातल्या नव्वद बाया असेच करतील. आधी वाटते, जाऊ दे. मग वाटते, हंगाम संपू दे. मग घरचे म्हणतात, गावातली चार माणसे बसवू आणि मिटवू. चार माणसे आज बसतो, उद्या बसतो करतात. आणि तिकडे मुदतीचे दिवस सरत असतात.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो.

कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली एक कायदा झाला. तो फक्त मुंबईच्या कचेऱ्यांसाठी आहे असे समजू नका. काजूचा कारखाना, हॉटेल, दुकान, बाग, मासळी निवडण्याची शेड, सगळीकडे तो लागू आहे. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही लागू आहे. अंगाला हात लावणे हा तर छळ आहेच. घाणेरडे बोलणे, घाणेरडी चित्रे दाखवणे, तसली मागणी करणे हाही छळ आहे. आणि हे नीट वाचा: अशा वागणुकीला जोडून “ऐकले नाहीस तर काम जाईल” अशी धमकी दिली, किंवा बाईला काम करणे नकोसे होईल असा जाच केला, तर तोही याच कायद्याखाली छळ धरला जातो. म्हणजे खराब बी देणे ही मेहुण्याची साधी खोडी नव्हती.

हा कायदा कोणाच्या दुःखातून आला, तेही कळले पाहिजे. राजस्थानात भटेरी नावाचे गाव आहे. तेथे भंवरी देवी ही बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करीत असे. १९९२ साली एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा तिने प्रयत्न केला. ते तिचे कामच होते. त्याचा सूड म्हणून गावातल्या पुरुषांनी तिच्यावर अत्याचार केला. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना त्या आरोपातून सोडले. पण महिलांच्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने सांगितले की, कामावर बाईचे रक्षण करणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. तो विशाखा निकाल. त्यानंतर सोळा वर्षांनी कायदा झाला.

या कायद्यात तक्रारीची मुदत ३ महिने आहे. घटना घडली त्या तारखेपासून ३ महिने. एकामागून एक अशा घटना असतील, तर शेवटच्या घटनेपासून ३ महिने. उशीर का झाला याचे खरे कारण लिहून दिले आणि समितीला पटले, तर ती आणखी ३ महिन्यांपर्यंत सवलत देऊ शकते. पण सवलत मिळेलच असे धरून चालू नये. सहा महिने उलटून गेले म्हणजे मात्र समितीच्याही हाती काही उरत नाही.

म्हणून आम्ही बाईला पहिला प्रश्न केला, त्याने हात धरला तो दिवस कोणता?

“शिमग्यात. पालखी वाडीत ईल्ली त्या दिसा.”

आपण सगळे असेच सांगतो. चतुर्थीच्या आधी, नारळी पौर्णिमेनंतर, आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुमारास. आपल्याला ते पुरते. कचेरीला पुरत नाही. आंगणेवाडीची जत्रा तर तिथीवर नसते, दरवर्षी कौल घेऊन दिवस ठरतो. मग “जत्रेच्या दुसऱ्या दिवशी” असे अर्जात लिहिले, तर ओरोसच्या साहेबांनी कोणती तारीख धरावी?

येथे तिच्या मुलीने काम सोपे केले. मुलगी सहावीत. आईने रोज किती किलो केले ते ती भिंतीवरच्या कालनिर्णयात, त्या त्या दिवसाच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहीत असे. हिशेबात फसवणूक होऊ नये म्हणून आईनेच सांगितले होते. आम्ही ते कॅलेंडर मागवले. मार्चचे पान पाहिले. १० मार्चच्या चौकटीत “पालखी” असे लिहिलेले होते. त्या दिवसापर्यंत रोजचे आकडे साधारण सारखे. पुढच्या दिवसापासून आकडे निम्मे. ते पान पाहून आमच्या अंगावर काटा आला. पोरीला काही ठाऊक नव्हते, पण तिच्या आकड्यांनी सगळे सांगितले होते.

मग बोटांवर मोजले. १० मार्चपासून ३ महिने म्हणजे १० जून. आज ३ जून. सात दिवस उरले. पण १० जूनला शनिवार. आपल्या राज्यात सरकारी कचेऱ्यांचा आठवडा २०२० सालापासून पाच दिवसांचा आहे, शनिवारी कुलूप असते. म्हणजे ९ तारखेपर्यंतच. शेवटच्या दिवशी कचेरी उघडी आहे की नाही, हे पाहायला पुष्कळजण विसरतात.

आमचा पुतण्या कॉलेजात शिकलेला. तो म्हणाला, “काका, घाई कशाला? कामावरून काढले १७ एप्रिलला. तिथून मोजले तर १७ जुलैपर्यंत वेळ आहे.” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. सूड म्हणून काम काढून घेणे हा छळाचाच पुढचा भाग, असे म्हणता येते. पण समोरचा काय म्हणेल? तो म्हणेल, माल नव्हता म्हणून बाई कमी केली, त्या गोष्टीचा याच्याशी संबंध नाही. आम्ही ठरवले, जी तारीख आधीची ती धरायची.

हे शहाणपण होते की भित्रेपणा, असे आम्हांला पुढे पुष्कळदा वाटले. त्याचे उत्तर २०२५ साली मिळाले. पश्चिम बंगालमधल्या एका कायद्याच्या विद्यापीठातील प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध अशी तक्रार केली होती. शेवटची छळाची घटना एप्रिल २०२३ मधली. ऑगस्टमध्ये तिला एका पदावरून दूर केले गेले. तिने तक्रार दिली डिसेंबरात. तिचे म्हणणे, पदावरून काढणे हाही छळच, म्हणून मुदत तिथून मोजा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले की, पदावरून काढणे हा वेगळा कारभाराचा निर्णय होता, मुदत एप्रिलपासूनच मोजायची, आणि तक्रार उशिरा आली. तरी न्यायालयाने असेही फर्मावले की, हा निकाल त्या कुलगुरूंच्या नोकरीच्या माहितीपत्रकात कायम लिहिलेला राहावा. पण तक्रारीची चौकशी झाली नाही ती नाहीच. कायदा शिकवणाऱ्या बाईच्या बाबतीत असे घडले. मग बी फोडणाऱ्या बाईने किती जपायला हवे?

तक्रार कोठे द्यायची, हे आता पाहू. जेथे १० किंवा जास्त माणसे कामाला आहेत, तेथे मालकाने स्वतःच अंतर्गत समिती नेमली पाहिजे. न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. १० पेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तालुक्यालाही तक्रार घेणारा अधिकारी नेमायचा असतो. तो ७ दिवसांत ती समितीकडे पाठवतो. आमच्याकडे दिवसच सात होते, म्हणून आम्ही थेट जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे ठरवले.

रविवारी दिवसभर बसून अर्ज लिहिला. खरे म्हणजे ती बोलली आणि आम्ही लिहिले. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचेच कर्तव्य आहे. त्यामुळे “माका लिवक येना नाय” म्हणून कोणी घरी बसू नये. अर्जात मोठमोठे शब्द घातले नाहीत. कोणत्या तारखेला, कोणत्या जागी, कोण काय बोलला, कोणी काय केले, कोण जवळपास होते. हात धरला म्हणजे हात धरला असेच लिहिले. साक्षीदार म्हणून दोन बायांची नावे घातली. आधी त्यांना विचारून, बरे का. विचारल्याशिवाय कोणाचे नाव घालू नये, ऐनवेळी ती बाई बिथरते. तसेच झाले. एक बाई पुढे फिरली, तिच्या नवऱ्याने मालकाकडून उचल घेतली होती. आम्ही तिला दोष देत नाही.

सोमवारी, ५ जूनला, अर्जाच्या सहा प्रती आणि सातवी आपल्यासाठी अशा सात प्रती काढल्या. समितीला सहा द्याव्या लागतात. कॅलेंडरच्या पानाचीही नक्कल जोडली. मूळ पान मात्र दिले नाही. मग मालवणहून एस्टीने कसालमार्गे ओरोस, म्हणजे सिंधुदुर्गनगरी. तेथे जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज दिला. कारकुनाने आमच्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली, आवक क्रमांक लिहिला.

या शिक्क्याला पोच म्हणतात. अर्ज दिला आणि पोच घेतली नाही, तर तो अर्ज दिला हे कशावरून? साहेब जागेवर नाहीत, नंतर या, असे कोणी कोठे म्हणाले तर भांडू नका. अर्ज आवक विभागात द्या आणि पोच मागा. तेही न जमले तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती डब्यात जपून ठेवा. आम्ही निवृत्तिवेतनाच्या एका कामात पोच न घेता परत आलो होतो. त्यापायी आठ महिने खेपा घातल्या. तेव्हापासून पोच घेतल्याशिवाय आमचा पाय निघत नाही.

समितीपुढे वकील लागत नाही. वकील आणायला परवानगीच नसते. समितीची अध्यक्ष बाई असते. बाईने मागितले तर चौकशी चालू असताना तिची बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. समेट करायचा तर बाईनेच म्हटले पाहिजे, आणि तो पैसे घेऊन करता येत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. पुष्कळ बायांना भीती असते की, आरोप शाबीत झाला नाही तर आपल्यालाच शिक्षा होईल. तसे नाही. पुरावा कमी पडला एवढ्याने तक्रार खोटी ठरत नाही. जाणूनबुजून खोटे सांगितले असे चौकशीत दिसले तरच कारवाई होते. समितीचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील. पोलिसांचा रस्ता आणखी वेगळा आहे. अंगावर हात टाकणे हा फौजदारी गुन्हाही आहे, आणि समितीकडे गेल्याने तो रस्ता बंद होत नाही.

त्या वर्षी चतुर्थीच्या आधी निकाल आला. तक्रार खरी ठरली. मेहुण्याला लेखी माफी मागावी लागली आणि तिला भरपाई मिळाली. मालक कामावर परत घ्यायला तयार झाला. ती गेली नाही. आमचे मत होते की जावे, हट्टाने जावे. ती म्हणाली, “मास्तरानू, तुमका काय जाता सांगूक? थय दिसभर बसूचा माका आसा.” तिचे खरे होते. आता ती दुसरीकडे गर सोलते. मजुरी थोडी कमी आहे.

कामावरचे सगळेच अन्याय असल्या छळाचे नसतात. बाई आणि पुरुष तेच काम करतात आणि मजुरी वेगळी मिळते, हे तर आपण रोज पाहतो. आंब्याच्या पेट्या भरताना दोघांचे हात सारखेच चालतात. यावर मुंबईत एक मोठा दावा झाला. मॅकिनन मॅकेन्झी या बोटीच्या व्यवसायातल्या जुन्या कंपनीत ऑड्री डिकोस्टा नावाच्या बाई लघुलेखिका होत्या. त्याच कामाला पुरुषांना जास्त पगार होता. १९७७ साली बाईंची नोकरी गेली. त्यांनी पगारातल्या फरकाचा दावा लावला. पहिल्या पायरीवर दावा फेटाळला गेला. बाई वर गेल्या. २६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे नाकारले. फरकाची रक्कम होती ७,१९६ रुपये ६७ पैसे. दहा वर्षे लढून सात हजार, असे कोणी हसून म्हणेल. पण पुढे देशभर बायांच्या पगाराचे दावे त्या निकालाच्या आधाराने उभे राहिले.

मजुरीच्या बाबतीत मुदती नुकत्याच बदलल्या आहेत, म्हणून जुन्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका. आम्हीही जुनेच आहोत, पण हे तपासून लिहिले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात कामगारांच्या चार नव्या संहिता लागू झाल्या. थकलेली मजुरी किंवा बाई म्हणून दिलेली कमी मजुरी यांचा दावा करण्यास आता ३ वर्षे मिळतात. मजुरी थकल्याच्या दाव्याला १९३६ च्या कायद्यात १२ महिनेच होते. येथे मुदत वाढली. उलट, कामावरून काढल्याचा वाद लावायला पूर्वी ३ वर्षे होती, ती आता २ वर्षे झाली. येथे मुदत घटली. कोणी “तीन वर्षे आहेत, सावकाश जाऊ” असे म्हणाला, तर कोणत्या गोष्टीची तीन वर्षे, असे त्याला विचारा. आणि छळाच्या तक्रारीचे ३ महिने आहेत तेवढेच आहेत.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोणत्याही बाईला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कारखान्यातल्या कामगारालाही मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि ओरोसला जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती सांगतात.

गेल्या वर्षी आणखी एक बाई आली होती, एका हॉटेलात भांडी घासणारी. तिची हकीकत पहिलीपेक्षा वाईट होती. आम्ही कॅलेंडर मागितले. तिच्याकडे नव्हते. फोनमध्ये तिने बहिणीला पाठवलेला एक निरोप सापडला, त्यावरून तारीख निघाली. आठ महिने झाले होते. समितीचा रस्ता बंद झाला होता. तिला घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो आणि विधी सेवेच्या वकिलाला भेटलो. ते काम अजून चालू आहे.